कंट्रोल दाबून धरा

माझ्या वहिनीला कुठलीही वस्तू दुरुस्तीला दिलेली चालत नाही. इस्त्री, मिक्सर, शिलाई मशीन, जे बंद पडेल ते ती स्वतः उघडते. बंद न पडलेलंही उघडते, ती गोष्ट वेगळी. लग्न होऊन आमच्याकडे आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने आईचा रेडिओ टेबलावर सुटा करून मांडला होता, आणि रेडिओ चांगला गात होता. आई काही बोलली नाही. आई रागावली की गप्प बसते. मी रागावले की गल्लीला कळतं. मी तिथल्या तिथे वहिनीला सुनावलं की या घरात स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी विचारायचं. तर ती म्हणे, वन्सं, आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. रेडिओ तिने जोडला, त्याची जुनी खरखर गेली, आणि मी मुकाट्याने चहा टाकला.

आम्ही दोघी कामालाही एकाच ठिकाणी. कृत्रिम हातपाय बसवून देणारं केंद्र आहे आमचं. दारातून आत आलं की पहिली माझी खिडकी. येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं, बसवायचं, आत पाठवायचं आणि अधूनमधून भांडणं मिटवायची. पुढे लांब व्हरांडा, त्यात चालण्याच्या सरावासाठी कमरेएवढे दोन दांडे. एका बाजूला प्लास्टरने पांढरी झालेली मापांची खोली, दुसरीकडे हातपाय बसवणाऱ्या फिटरची खोली, आणि टोकाला स्टोअर. स्टोअरमागच्या कोंदट खोलीत वहिनी बसते. आमचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे ती, एक पंखा आणि एक खुर्ची. खुर्चीचा पाय तिनेच दुरुस्त केलाय, म्हणून मी तिच्यावर बसत नाही.

स्टोअर सांभाळतात कुलूपकाका. त्यांचं खरं नाव मॅडमच्या फायलीत असेल. जेवायला उठले तरी स्टोअरला कुलूप लावून जातात, म्हणून कुलूपकाका. लोखंडी रॅकच्या कुठल्या कप्प्यात कुठल्या मापाचा गुडघा आहे हे ते तोंडपाठ सांगतात. शर्टाच्या बाह्या कायम मनगटापर्यंत, बटण लावलेलं. बोलणं जेमतेम. एकदा त्यांच्या डोक्यावर रॅकवरून डबा पडला तेव्हा ते फक्त 'हां' म्हणाले होते.

पूर्वी सगळं काकांच्या तोंडावर चालायचं. फिटरने सांगायचं, अमक्याचा पाय आज बसवायचाय, आणि काकांनी पेटी भरून पाठवायची. मग मॅडमनी ठरवलं की आता सगळं कॉम्प्युटरवर. मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. बाई सरळ, पण ठरवलं की ठरवलं. काम आलं वहिनीकडे, आणि तिच्या अंगात वारं शिरलं. जेवताना, भांडी घासताना, केस विंचरताना एकच विषय. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. वेब फ्रेमवर्क म्हणून एक तयार सांगाडा मिळतो. भिंती, दारं, कड्या, सगळं त्यात आयतं. त्यातच अॅडमिन नावाची पानं असतात, बाहेरच्यांसाठी नव्हे, आपल्यासारख्या आतल्या माणसांनी माहिती भरायला. आपण फक्त सांगायचं की आमच्याकडे पेशंट असतात, भाग असतात, पेट्या असतात, की ही पानं आपोआप तयार. वहिनीने पहिलं पान दाखवलं तेव्हा तिने माझ्या पाठीत असा धपका घातला की माझा चष्मा नाकावरून घसरला. आनंद झाला की ती शेजारच्याला मारते. भावाची पाठ आता निबर झालीय.

तर नवीन पद्धत अशी. पेटीच्या पानावर एक चौकोन, त्यात सगळ्या भागांची नावं. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी, मग नळी, गुडघा, घोटा, पाऊल, पट्टा. काकांनी त्यातले हवे ते निवडायचे आणि जतन करायचं. मग चिठ्ठी छापून येते, आणि काकांच्या मदतनीस, आमच्या रॅकवाल्या बाई, त्या चिठ्ठीप्रमाणे पेटी भरतात. चिठ्ठीत नसलेला साधा स्क्रूसुद्धा स्टोअरबाहेर जायचा नाही, असा मॅडमचा नियम.

आणि लागला गोंधळ व्हायला. फिटरच्या खोलीतून आरोळी यायची, पाऊल आलंय, घोटा राहिला मागे. दुसऱ्या दिवशी नुसताच पट्टा. एकदा तर अख्ख्या पेटीत एकटी नळी. एक सुतार दोन बस बदलून आमच्याकडे यायचा. उभं राहून रंधा मारता यावा म्हणून त्याला पाय हवा होता. तो दोनदा तसाच परत गेला. दुसऱ्यांदा जाताना माझ्या खिडकीशी थांबून त्याने विचारलं, बाई, माझा गुडघा हरवला का हो? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आणि वहिनीने काकांना आळीपाळीने शिकवलं. वहिनी गोड बोलून, मी आरडाओरडा करून. काका दर वेळी मान हलवायचे आणि म्हणायचे, येतं मला. आणि पुढच्या पेटीत पुन्हा काहीतरी राहायचंच. आमच्या केंद्रात 'हात टेकले' म्हणताना जीभ चावावी लागते, पण मी टेकले. शेवटी मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. महिनाअखेरीला मोठं शिबिर होतं, पन्नासेक माणसं येणार होती. त्यानंतर काकांनी फाटकावर बसायचं आणि स्टोअरला नवीन माणूस येईल, असं त्यांनी सांगितलं. काका 'बरं' म्हणाले आणि स्टोअरमध्ये परत आले. माणूस उभी हयात त्या रॅकमध्ये वावरलेला, त्याला फाटकावर बसवणार! माझं डोकं भणभणलं. मॅडमचंही खोटं नव्हतं, गुडघ्याशिवाय पाय घेऊन सुताराने काय करायचं?

वहिनीच्या मात्र ते मनातून जाईना. ती म्हणाली, मी आत उघडून बघितलंय सगळं, पान ठीक चालतंय, मग काकांच्याच इथे घोडं का पेंड खातंय? तिने स्टूल ओढलं आणि काकांच्या शेजारी जाऊन बसली. शिकवायला नाही, नुसतं बघायला. मी दारात उभी होते.

भागांच्या त्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत एक सूचना असते. एकाहून जास्त निवडायचे असतील तर कंट्रोल दाबून धरा आणि क्लिक करा. फ्रेमवर्कने आयती दिलेली सूचना, वहिनीने फक्त मराठीत केलेली. काकांनी डावा हात माऊसवर ठेवला, सॉकेट निवडलं. मग उजवा हात उचलून कंट्रोलच्या बटणावर ठेवला, अलगद, वस्तू ठेवावी तसा. नळी निवडली. गुडघा निवडला. घोटा निवडताना उजवा हात बटणावरून घसरला, आणि आधी निवडलेलं सगळं पुसलं जाऊन एकटा घोटा उरला.

उजवा हात रबराचा आहे काकांचा. आमच्याच केंद्रात बनलेला. तरुणपणी कारखान्यात प्रेसमध्ये कोपराखाली गेला. हे काय मला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. पण डाव्या हाताने लिहितात, कमरेवर पेटी तोलतात, दातात किल्ली धरून कुलूप लावतात, आणि इतक्या सफाईने की रोज बघून बघून आम्हाला तो हात दिसेनासाच झाला होता.

वहिनी रडवेली झाली. तिने विचारलं, "काका, तुम्ही सांगितलं का नाही?"

काकांनी रबरी हात मांडीवर घेतला. "काय सांगू? मला एक हात नाही म्हणून? इथे रोज कोण कोण येतं ते बघतेस ना. त्यांच्यासमोर मी कसली रड लावू?"

वहिनीने ती बारीक सूचना पुन्हा एकदा वाचली. काकांवर केलेला आरडाओरडा आठवून मी दारातूनच मागे फिरले.

त्या दिवसापासून वहिनी इरेला पेटली. आधी तिने कीबोर्डाची एक सोय चालू केली, कंट्रोल आपोआप दाबून धरणारी. पण दुपारी त्याच कॉम्प्युटरवर हिशेबनीस बसतात. त्यांनी एक अक्षर दाबावं तर भलतंच काहीतरी उघडावं. भूत शिरलं समजून त्यांनी ती सोय कुणाला न सांगता बंद करून टाकली. मग वहिनीने तिचा जुना मार्ग धरला. उघडलं आणि आत हात घातला. आयत्या मिळालेल्या फ्रेमवर्कच्याच फायलीत शिरून, जिथे तो चौकोन तयार होतो तिथल्या ओळी तिने बदलल्या. आता चौकोनाऐवजी प्रत्येक भागासमोर एक छोटं घर. टिचकी मारली की खूण, पुन्हा मारली की खूण गेली. कंट्रोलबिंट्रोल काही नाही. काकांनी डाव्या हाताने टक टक टक सहा खुणा केल्या, चिठ्ठी आली, सहाच्या सहा भाग. फिटर आरोळी मारायला बाहेर आला आणि ओरडण्यासारखं काही नाही म्हणून परत गेला. वहिनीने माझी पाठ लाल केली. मॅडम म्हणाल्या, शिबिरापर्यंत बघू.

माझ्यावर मात्र आफत आली. माझ्या पानावर पेशंटच्या भेटीच्या तारखा निवडायचा असाच एक चौकोन होता. त्याचीही झाली घरं, आणि वर्षभराच्या तारखा मारुतीच्या शेपटासारख्या खाली खाली चालल्या. समोर रांग आणि मी माऊस फिरवतेय. मी वहिनीला म्हटलं, त्यांच्या पायातला काटा काढलास आणि माझ्या पायात कुरूप झालं. ती म्हणाली, मुळातच बदललंय ना, म्हणून सगळीकडे बदललं, बघते नंतर. काकांसाठी म्हणून मी कळ काढली.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी तिने सर्व्हरवर सुरक्षेचं अपडेट घातलं. मॅडमनीच सांगितलं होतं, सगळ्या कचेऱ्यांना तशी सूचना होती. अपडेट बिनतक्रार झालं आणि आम्ही दोघी गप्पा मारत घरी गेलो.

सकाळी व्हरांडा माणसांनी गच्च. कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, कडेवर पोरं, पाण्याच्या बाटल्या. दांड्यांपाशी उभं राहायला जागा नाही. स्टोअरच्या दारात नवा माणूसही येऊन उभा, काम बघून घ्यायला. सुतार पहिल्याच बाकावर होता. मी त्याला म्हटलं, आज उभे राहूनच घरी जाणार तुम्ही. आणि फिटरच्या खोलीतून आरोळी आली की गुडघा नाही. पाठोपाठ दुसरी, की या पेटीत नुसतं पाऊल. मॅडम आपल्या खोलीतून उठल्या. मी खिडकी तशीच टाकून स्टोअरकडे धावले.

काका पडद्याकडे बघत बसले होते. तोच जुना चौकोन. तीच बारीक सूचना. त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. रबरी हात बटणावर ठेवून निवडत होते, घसरला की पुन्हा पहिल्यापासून. कपाळावर घाम.

वहिनी आली, बघितलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. अपडेट म्हणजे नवं फ्रेमवर्क आलं होतं आणि जुनं काढून टाकलं गेलं होतं. जुन्याच्या पोटात लिहिलेल्या तिच्या ओळी त्याच्याबरोबर गेल्या. भाड्याच्या घरात भिंत पाडून कपाट केलं होतं मी, ती म्हणाली, मालकाने नवीन घर बांधलं. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं की अजून किती वेळ. त्यांची नजर नव्या माणसाकडे गेली.

मी म्हटलं, त्याच ओळी पुन्हा घाल, चल. वहिनीने ती आतली फाईल उघडली. बोटं बटणांवर ठेवली. आणि थांबली.

नाही, म्हणाली. पुढच्या अपडेटला पुन्हा पुसेल. मी रजेवर असेन तेव्हा पुसेल, आणि काका कुणाला सांगायचे नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पन्नास माणसं ताटकळतायत आणि हिला व्यवस्थित करायचंय! मी तोंड सोडलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, कारण तिने फ्रेमवर्कची फाईल बंद केली आणि आमची स्वतःची, तिने लिहिलेली फाईल उघडली. तिच्या डोळ्यांत ती रेडिओवाली चमक आली होती.

फ्रेमवर्कला हात लावायचाच नाही, ती टाइप करता करता सांगायला लागली. त्याच्यात अॅडमिनचा एक क्लास असतो, म्हणजे एक तयार साचा, सगळं काम करणारा. आपण त्याचं मूल तयार करायचं. मूल जन्मतःच आईचं सगळं घेऊन येतं, पानं, शोध, जतन करणं, एक ओळ न लिहिता. आपण फक्त जे वेगळं हवं तेवढंच लिहायचं. आईला धक्का नाही. आई बदलली, नवी आली, तरी मुलाच्या ओळी मुलाजवळ.

मला राग आलेला, तरी मी विचारलं म्हणजे कसं. ती पडद्यावरून नजर न हटवता म्हणाली, "म्हणजे तुम्ही, वन्सं. नाक आईंचं, आवाज आईंचा, हट्ट आईंचा. फक्त रागावल्यावर काय करायचं, ते तेवढं तुम्ही तुमचं लिहिलंत."

मॅडम हसल्या. मी नाही हसले. म्हणजे नंतर हसले.

तिने एका छोट्या कामाचं नाव लिहिलं, भागांचा चौकोन कसा दाखवायचा ते काम. त्यात लिहिलं की घरं दाखव. काकांच्या पेटीच्या पानाला सांगितलं की आजपासून तुझा क्लास हा. जतन केलं, पान ताजं केलं. आणि भागांची जागाच गायब. घरं नाहीत, चौकोनही नाही. पेशंटचं नाव आणि खाली कोरं पान.

रोगापेक्षा इलाज भारी. मी कपाळावर हात मारला. नवा माणूस चुळबुळला. काका मात्र वहिनीच्या बोटांकडे बघत होते, फिटरने नवा पाय बसवताना पेशंट बघतो तसे.

वहिनी खुदकन हसली. चुकीच्या वेळी हसायची तिला खोडच आहे. आईला हाक मारायची राहिली, म्हणाली. मी आपलं तेवढं सांगितलं आणि गप्प बसले, पण चौकोन घडवणारी आईच आहे. तिला सांगितलंच नाही तर ती कशाला घडवेल? आपलं म्हणणं जोडायचं आणि काम आईकडे सोपवायचं. तिने शेवटी एक ओळ घातली, बस, एक ओळ. पान ताजं केलं.

घरं आली. सॉकेट, नळी, गुडघा, घोटा, पाऊल, पट्टा, एकाखाली एक, प्रत्येकासमोर रिकामं घर. मी माझ्या खिडकीकडे पळत जाऊन बघून आले. माझ्या पानावर माझा जुना आटोपशीर चौकोन जिथल्या तिथे. मी व्हरांड्यातूनच ओरडले की माझं पान ठीक आहे, आणि काही कारण नसताना बाकांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काका पुढे सरकले. सुताराची पेटी. टक, टक, टक, टक, टक, टक. चिठ्ठी सरसरत बाहेर आली, रॅकवाल्या बाईंनी ती अक्षरशः हिसकावली. पेटी गेली. दुसरी गेली. तिसरी. आम्ही फिटरच्या आरोळीची वाट बघत कान टवकारून उभ्या. आरोळी आली नाही. दुपारनंतर सुतार दांड्यांमधून चालत आला, आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका, मग नुसती बोटं टेकवून. माझ्या खिडकीसमोर तो उभा राहिला, सरळ, आणि म्हणाला की बाई, गुडघा सापडला. मी रडले. लोकांदेखत, रांगेदेखत, खुशाल रडले.

शेवटची पेटी गेली तेव्हा मॅडम स्टोअरमध्ये आल्या. त्यांनी नव्या माणसाला सांगितलं की मापांच्या खोलीत एक जागा आहे, तिथे बघू. मग काकांकडे वळल्या. "काका, फाटकाचं राहू द्या. स्टोअर तुमचंच आहे."

काका 'बरं' म्हणाले. वहिनी मला मारायला हात उचलतच होती, तेवढ्यात ते पुन्हा बोलले.

"पोरी, एक सांगू का?"

वहिनीचा हात हवेतच राहिला. काका एक सांगू का, असं कधी म्हणाले होते?

"ते जतन करायचं बटण फार खाली आहे गं. वर घेता येईल?"

घेता येईल, वहिनी म्हणाली. अगदी सोपं आहे काका, त्याच क्लासमध्ये एक ओळ. अजून सांगा.

काकांनी जरा विचार केला. अक्षरं बारीक आहेत, म्हणाले. आणि डाव्या-उजव्या पायाच्या पेट्या यादीत एकाखाली एक येतात, घाईत चुकतं. वहिनी नुसती मान डोलवत होती, डोळे पुसत होती आणि टाइप करत होती, तिन्ही एकाच वेळी. मॅडम पेट्यांवर टेकल्या होत्या आणि ऐकत होत्या.

"आणि हा माऊस," काका म्हणाले. "वायर उजवीकडून येते. डावीकडे पुरत नाही. ओढून ओढून मनगट भरून येतं."

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. वायर काकांच्या पोटासमोरून ताणलेली होती, दोरीवर कपडे वाळत घालावेत इतकी ताठ. इतके महिने. वहिनी शेजारी बसली होती, मी त्यांच्या डोक्याशी उभी राहून ओरडले होते, तरी कुणालाही दिसली नव्हती.

त्याला कुठला क्लास लागत नव्हता. मी साडीचा पदर खोचला, टेबलाखाली शिरले, धुळीत गुडघे टेकले आणि वायर मागून काढून डाव्या बाजूने वर दिली. वरून काकांचा हात आला आणि त्याने ती घेतली.